जोती चढली, वाट बुडाली

महाडात शेजारी-शेजारी असलेले दोन दुकानदार एकमेकांशी बोलेनासे झाले, की बाहेरच्याला वाटतं पैशावरून बिनसलं असेल. बहुतेक वेळा कारण पायरी असते. एकाची पायरी दुसऱ्याच्या पायरीपेक्षा वीतभर पुढे आली. दुसऱ्याने तिच्यासमोर मोटारसायकल आडवी लावली. पहिल्याने चिडून सिमेंटची कुंडी आणून ठेवली, दुसऱ्याने मालाचा लोखंडी स्टँड बाहेर काढला. आता दोघं तक्रारीचे अर्ज घेऊन फिरतात आणि शाळेत जाणारी पोरं त्या दोघांना वळसा घालून ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या चाकाशेजारून चालतात. माझं म्हणणं असं, की हे भांडण मुळात त्या दोघांचं नाही. रस्त्याची हद्द कुठे संपते आणि रस्त्याची उंची किती राहणार, या दोन गोष्टी कोणी ठरवून दिल्या नाहीत, म्हणून शेजारी एकमेकांच्या अंगावर येतात. आणि ज्याचा यात काहीच दोष नाही तो चालणारा माणूस रस्त्यातून बाद होतो.

मी पोस्टाच्या आर.डी.ची एजंट. बाजारपेठ, सुकट गल्ली, तांबट आळी, सरेकर आळी, काकरतळे, काजळपुरा, नवेनगर, दस्तुरी नाका, असं माझं फिरणं. गाडी मला चालवता येत नाही आणि रिक्षा परवडत नाही, कारण दहा दारं दहा ठिकाणी थांबत घ्यायची असतात. खांद्याला पिशवी, पिशवीत खातेदारांची कार्डं, हातात छत्री. ज्यांच्या ओट्यांबद्दल लिहिणार आहे ते बरेचसे माझे खातेदार आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मलाही कळतं. पण वैर नाहीच आहे. शेठ मला चहा पाजतात, त्यांच्या सुना मला मनातलं सांगतात, आणि त्यांच्याच दुकानाबाहेर मला साडी गुडघ्यापर्यंत धरून, मिनीडोअर जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

पायरी बाहेर का आली हे न बघता तिला अतिक्रमण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. महाडात त्या पायरीमागे सावित्री नदी आहे. तिचा उगम महाबळेश्वरला. तिकडे पडलेलं पाणी काही तासांत आमच्या दारात येतं आणि त्याच वेळी खाली खाडीला भरती असली तर ते पुढे सरकत नाही. गांधारी नदीचं पाणीही त्यात येऊन तुंबतं. जुलै २००५ मध्ये हे झालं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा झालं. त्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. बाजारपेठेत पुरुषभराहून जास्त पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना, भिजलेल्या कापडाचे तागे आणि फुगलेली साखरेची पोती रस्त्यावर टाकताना प्रत्येकाने मनाशी एकच ठरवलं: आता जोतं वाढवायचं.

त्यात चूक काय? काही नाही. पण हिशेब करून बघा. जोतं तीन फूट वाढवलं, तर सहा-सहा इंचांचे सहा चढ लागतात. मध्ये पाय ठेवायला फूटभर रुंदीच्या पाच पायऱ्या. म्हणजे दुकान जागच्या जागी राहिलं तरी त्याच्या पायऱ्या पाच फूट रस्त्यात आल्या. समोरच्यानेही तेच केलं. गल्ली अठरा फुटांची असेल तर मध्ये उरले आठ फूट. त्या आठ फुटांत गटार, विजेचा खांब, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या, माल उतरवणारा टेम्पो, आणि राहिलंच काही तर माणूस.

इकडे जोतं चढतं तसा तिकडे रस्ताही चढतो. आपल्याकडे रस्ता नवा करायचा म्हणजे जुन्यावर आणखी एक थर ओतायचा. जुना थर खरवडून काढायचा आणि मूळच्या पातळीला नवा टाकायचा, ही पद्धत कागदावर असते. प्रत्यक्षात डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट. प्रत्येक वेळी रस्ता चार-सहा इंच वर. २००५ नंतर ज्याने दोन फूट जोतं वाढवलं त्याला पुढे कळलं, की त्यातला बराच भाग रस्त्याने खाल्लाय. मग तो पुन्हा वाढवतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो या शर्यतीत टिकतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचं घर न हलता दरवर्षी खाली जातं. माझ्या खातेदारांत एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता रस्त्यावरून एक पायरी उतरून आत जावं लागतं. मोठ्या पुराचं सोडाच, श्रावणातल्या एका सरीचं पाणी त्यांच्या पडवीत येतं. शेजाऱ्याने जोतं चढवल्यापासून त्याच्याकडचं पाणीही यांच्याकडे वळतं. या बाई शेजाऱ्याला शिव्या घालतात. त्याने काय करायला हवं होतं? पुरात बसायचं?

आता फुटपाथाचं बघू. महाडसारख्या गावात फुटपाथ म्हणजे गटारावरची लादी. कोणी आखून दिलेली नव्हे, पण लोक तिच्यावरूनच चालतात, कारण तेवढीच जागा गाडीच्या चाकाखाली नसते. ही लादी सलग कधीच नसते. एकाच्या दारासमोर ती वर, दुसऱ्याच्या दारासमोर खाली, तिसऱ्याने तिच्यावर गाडी चढवायला उतरण केलेली, चौथ्यासमोर ती गायब. गटार उपसायला लादी उचलतात आणि मग ती बाजूला भिंतीला टेकवलेली राहते. पायऱ्या आल्या त्याही याच लादीवर. म्हणजे चालणाऱ्याची होती-नव्हती ती वाट आधी पायरीने घेतली आणि उरलेली उघड्या गटाराने.

उघडं गटार ही आमच्याकडे नुसती घाणीची बाब नाही. गल्लीत गुडघाभर पाणी भरलं की गटार कुठे, रस्ता कुठे, ते दिसत नाही. सवयीने पाऊल टाकणारा माणूस सरळ आत जातो. पुराच्या गावात गटारावरची लादी जागेवर असणं ही जीव वाचवायची गोष्ट आहे, आणि ती पावसाळा लागण्याआधी तपासायची गोष्ट आहे.

चालतं कोण, हाही प्रश्न विचारला पाहिजे, कारण निर्णय घेणारे बहुतेक गाडीतून येतात. चालतात ती शाळेची पोरं, ज्यांच्या पाठीवर दप्तर आणि हातात डबा असतो. चालतात म्हातारी माणसं, ज्यांना दवाखाना आणि देऊळ एवढंच बाहेर पडणं उरलेलं असतं. चालतात एस.टी.तून उतरलेल्या खेड्यापाड्यांतल्या बाया, डोक्यावर पाटी घेऊन; पाटी डोक्यावर असली की मान वळवून मागची गाडी बघता येत नाही. चालतात औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून आलेली पोरं. आणि चालते मी. यातल्या एकाचंही नाव ‘वाहतुकीची समस्या’ या विषयावरच्या बैठकीत निघत नाही. तिथे विषय असतो पार्किंगचा.

भांडणं कशी होतात ते ऐका. एका शेठना मी म्हटलं, ‘शेठ, एक पायरी आत घ्या, म्हाताऱ्या माणसांना उतरावं लागतं रस्त्यात.’ ते म्हणाले, ‘वहिनी, पुरात तुम्ही आला होतात का माझं दुकान उपसायला?’ मी म्हटलं, ‘नव्हते आले. माझं घर उपसत होते.’ आम्ही दोघंही हसलो, पायरी राहिली तिथेच. त्याच शेठचं भाजीवाल्या मावशीशी रोज वाजतं. ती पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन येते आणि त्यांच्या पायरीच्या कडेला पोतं पसरते. शेठ ओरडतात, ‘रस्ता अडवलास.’ ती म्हणते, ‘शेठ, मी दोन घटकांची पाहुणी. तुमची पायरी बारमाही.’ तिसरा येतो मोटारसायकलवाला. त्याचं वाक्य गावभर एकच: ‘दोनच मिनिटं, ताई.’ अशी दोन-दोन मिनिटं जोडत संध्याकाळपर्यंत ती जागा एकदाही मोकळी होत नाही. चौथा असतो रिक्षावाला. त्याला थांबायला जागा ठरवून दिलेली नाही, म्हणून तो वळणावर थांबतो आणि सगळ्यांचे बोल खातो.

या प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी खरं आहे. शेठचं नुकसान झालेलं आहे. मावशीचं पोट त्या पोत्यावर आहे. दुचाकीवाल्याला गाडी ठेवायला दुसरी जागा कोणी दाखवलेली नाही. आणि अगदीच बोलायला काही उरलं नाही, की प्रत्येक जण शेवटचं हत्यार काढतो: ‘ही आमची जुनी वहिवाट आहे.’

हा शब्द निदान महाडात तरी जपून वापरावा. वहिवाटीचा दावा या गावाने कोर्टात जवळजवळ दहा वर्षं लढवला गेलेला पाहिला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुला करा, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरी लागला, आणि तळ्यावर काही बदललं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे भरलेल्या परिषदेला आलेल्या लोकांना घेऊन महाडच्या रस्त्यांवरून तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. नंतर याच गावच्या रस्त्यांवर परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग काही मंडळी कोर्टात गेली: तळ्यावर आमचीच पूर्वापार वहिवाट आहे म्हणून. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी पूर्वापार वहिवाट सिद्ध झालेली नाही.

मी चवदार तळ्याच्या लढ्याची आणि दुकानाच्या पायरीची बरोबरी करत नाही. एकीकडे माणूसपणाचा प्रश्न होता, दुसरीकडे पाच फूट सिमेंट आहे. पण त्या लढ्याने या गावाला दोन गोष्टी शिकवलेल्या आहेत, त्या विसरू नयेत. सर्वांच्या मालकीची जागा कोणी कितीही वर्षं अडवून धरली तरी ती त्याची होत नाही, ही एक. दुसरी म्हणजे, नगरपालिकेने ठराव करून दप्तरात ठेवला तर तो ठराव कुणाच्याही पायाखाली येत नाही. तो जमिनीवर उतरवावा लागतो. गाड्या कुठे लावायच्या, फेरीवाल्यांनी कुठे बसायचं, याचे ठराव गावोगाव होतच असतात.

कायदा कमी पडतो असंही नाही. फुटपाथ आणि रस्ते जाण्यायेण्यासाठी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातच सांगितलं. त्याच निकालात हेही होतं, की हटवायचं तर आधी नोटीस द्या, माणसाचं म्हणणं ऐका, त्याच्या जगण्याचा विचार करा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती, विक्रेत्यांचं सर्वेक्षण आणि त्यांना ठरवून दिलेल्या जागा या गोष्टी बंधनकारक केल्या. समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात आणि त्यातल्या एकतृतीयांश बायकांच्या. म्हणजे माझी टाकळावाली मावशी कायद्याने त्या बैठकीत बसू शकते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: चालण्याजोगा, मोकळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा असला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसचं मापही आहे: निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही.

आमच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना १.८ मीटर फुटपाथ मावणार नाही, हे मला दिसतं. मावत नाही म्हणून सोडून द्यायचं का? गल्ली जिथे अरुंद आहे तिथे ती सगळीच चालण्याची समजा. गाडीने यायचं तर माणसाच्या वेगाने यायचं आणि थांबायचं नाही. रस्ता जिथे रुंद आहे तिथे एका बाजूला तरी सलग लादी द्या.

त्याऐवजी होतं काय, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी सारखंच असतं. सणासुदीच्या आधी किंवा कोणाच्या तक्रारीवरून ‘मोहीम’ निघते. जेसीबी येतो, दोन ओटे फोडतो, मावशीचं पोतं आणि तराजू टेम्पोत टाकतो. ज्याची ओळख त्याची पायरी वाचते. पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत. ओटा ज्याचा फुटला तो शेजाऱ्यावर दात धरून बसतो, कारण त्याला वाटतं तक्रार यानेच केली. ही मोहीम फसते कारण तिच्याजवळ रेषाच नसते. सिटी सर्व्हेच्या नकाशावर हद्द आहे, पण ती जमिनीवर कोणाला दिसत नाही. न दिसणाऱ्या हद्दीसाठी फोडलेला ओटा हा मालकाला अन्यायच वाटणार.

गावाबाहेर पडलं की हाच आजार मोठ्या आकारात भेटतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. पोलादपूर तर महामार्गाच्या दोन्ही अंगाला पसरलेलं गाव. शाळा एकीकडे, घर दुसरीकडे, एस.टी.चा थांबा तिसरीकडे. रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या, आणि या कडेचा माणूस त्या कडेला कसा जाणार, हे सगळ्यात शेवटी आठवण्याची गोष्ट ठरली. दुभाजकात जिथे फट दिसते तिथून बाया पाटी घेऊन पलीकडे जातात. त्यांना बेशिस्त म्हणणाऱ्याने तिथून पलीकडे जायची दुसरी वाट दाखवावी.

आमच्या भागातल्या रस्त्यांची बातमी होते ती मोठ्या अपघातानंतर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला पूल वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या आणि एक खासगी गाडी नदीत गेली. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण गेले. त्या घरांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण रस्त्याने चालताना एकेकटा मेलेला माणूस आतल्या पानावर दोन ओळींत संपतो, आणि असे एकेकटे मिळून किती होतात बघा: केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच-सहा मृतांत एक.

काम करायचं ठरवलं तर वेळ लागत नाही, हेही आम्ही याच गावात पाहिलंय. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. नदीवर पूल उभा राहिला तो याच राज्यात, आणि गटारावर लादी बसवायला वर्षानुवर्षं लावणाऱ्या यंत्रणाही याच राज्यातल्या.

गल्ली चालणाऱ्यांची करा म्हटलं की दुकानदारांचा मोठा आक्षेप मी रोज ऐकते: गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. मी त्यांच्या गल्ल्यासमोर उभी राहून आर.डी.चे पैसे मोजून घेते, म्हणून गिऱ्हाईक कसं येतं तेही बघते. गाडीवर बसूनच ‘आहे का?’ विचारणारा एक वस्तू घेऊन जातो. चालत आलेली बाई चार दुकानं फिरते, भाव करते, पोराला काहीबाही घेते, आणि शेवटी तिची पिशवी भरलेली असते. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन पाळते. तिथे लोक चालायला आणि खरेदीला येतात. आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान बघा. तिथेही दस्तुरी नाकाच आहे, आणि पर्यटकाला गाडी त्याच नाक्यावर ठेवून पुढे जावं लागतं. म्हणून तिथला धंदा बंद पडला नाही. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा नावाच्या लहान शहराने १९९९ पासून जुन्या गावठाणातून गाड्या काढायला सुरुवात केली. ज्या महापौरांनी हे केलं ते पुढे दोन दशकांहून जास्त काळ त्याच पदावर राहिले. आमच्या नगरसेवकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आणि लांब कशाला जायचं? २० मार्चला चवदार तळ्यावर लाखो माणसं येतात. विरेश्वर देवाच्या छबिन्याला गाव लोटतं. त्या दिवशी गाड्या बाहेर थांबतात, पोलीस उभे असतात आणि महाड चालतं. म्हणजे जमतं. सणाला जमतं ते शाळेच्या वेळेला का जमू नये?

दुसरा आक्षेप पुराचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. पायऱ्या आत घ्या म्हटलं की दुकानदार विचारतो, पुन्हा पाणी आलं तर? जोतं खाली आणा असं मी म्हणतच नाही. पायऱ्या दुकानाच्या आत घेता येतात. भिंतीला समांतर घेता येतात, मग पाच फुटांऐवजी दोन-अडीच फुटांत काम भागतं. काढता-घालता येणारी लोखंडी पायरी ठेवता येते, जी रात्री आत जाते. थोडी जागा दुकानाची जाईल, हे खरं आहे. पण पुराच्या रात्री माल हलवायला टेम्पो आत यायला हवा असतो, आजारी माणसाला उचलून न्यायला हवं असतं, बचावाची बोट फिरायला हवी असते. २०२१ ला ज्यांनी माळ्यावर बसून बोटीची वाट पाहिली त्यांना अरुंद गल्ली म्हणजे काय हे सांगायला नको. मोकळी गल्ली पुरातही सगळ्यात आधी दुकानदाराच्याच उपयोगी पडते.

तर मागणी काय? पहिलं, सिटी सर्व्हेच्या नकाशाप्रमाणे बाजारपेठेतल्या रस्त्यांची हद्द रंगाने जमिनीवर आखावी, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, कोणाचं घर मोठं आणि कोणाची ओळख मोठी हे न बघता. दुसरं, रस्त्याची पातळी ठरवून ती प्रत्येक आळीत भिंतीवर खुणेने नोंदवावी. यापुढे जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर टाकणाऱ्या ठेकेदाराचं बिल काढू नये. तिसरं, गटारावरची लादी सलग आणि एका पातळीत करावी, आणि मे संपायच्या आत प्रत्येक उघडं तोंड बंद आहे का ते प्रभागातल्या लोकांबरोबर फिरून तपासावं. चौथं, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी माल उतरवणं बंद ठेवावं. पाचवं, पथविक्रेता समिती कागदावरून उतरवून मावशींना त्यांची जागा नावाने द्यावी, आणि दुचाक्या व रिक्षा कुठे थांबतील तेही त्याच आखणीत दाखवावं. रेषा आखल्यावर पायऱ्या मागे घ्यायला एक हंगाम द्यावा. जेसीबी त्यानंतर, आणि आणायचाच झाला तर सगळ्यांच्या दारात.

यातल्या कशालाही पूल बांधण्याएवढा पैसा लागत नाही. लागतो तो कोणाचीही मर्जी न सांभाळता रेषा ओढणारा हात. तो नगरपरिषदेकडून हवा, आणि मागून घ्यायचा तो आपण.

शेजाऱ्याविरुद्ध अर्ज लिहायला घेतलात, तर तो फाडून टाका. त्याच शेजाऱ्याला बरोबर घेऊन दुसरा अर्ज लिहा: आमच्या आळीची हद्द आखून द्या, पातळी ठरवून द्या. खाली दोघांच्या सह्या करा. शेठ, तुमच्या सहीसाठी मी येत्या हप्त्याच्या वेळी कार्डाबरोबर अर्जही घेऊन येते आहे.